एका बाजूचा मॅमोग्राम, कोड ७७०६५: तपासणी चोख, बिल बेभरवशाचं

अमेरिकेतल्या हॉस्पिटलांनी आपले दर उघड करावेत असा नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यात सरकारने ७० सेवांची एक यादी घालून दिली: या सेवा तुम्ही देत असाल, तर त्यांचे दर सामान्य माणसाला कळतील अशा रीतीने दाखवलेच पाहिजेत. त्या यादीत ‘एका स्तनाची मॅमोग्राफी’ अशी वेगळी नोंद आहे आणि तिच्यासमोर सीपीटी कोड, म्हणजे बिलात ती सेवा ओळखायचा ठरावीक आकडा, आहे ७७०६५. म्हणजे ही सेवा आधी भाव विचारून, दोनचार ठिकाणी चौकशी करून घेण्यासारखी आहे, असं खुद्द सरकारच म्हणतं. तरीही बहुतेक बायकांना भाव कळतो तो तपासणी होऊन काही आठवड्यांनी, टपालात बिल आल्यावर.

निकाल आधीच सांगून टाकतो. वैद्यकीय सेवा म्हणून ही तपासणी अमेरिकेत फार चांगली मिळते. बिलाच्या बाबतीत मात्र तिचा भरवसा नाही. बिल किती येणार ते मशिनवर किंवा किती फोटो काढले त्यावर ठरत नाही. डॉक्टरच्या ऑर्डरवर ‘कशासाठी’ या रकान्यात काय लिहिलंय, त्यावर ठरतं. त्यामुळे हे परीक्षण अर्धं तपासणीच्या खोलीचं आणि अर्धं त्या रकान्याचं आहे.

तीन कोड लक्षात ठेवायचे. ७७०६५ म्हणजे एका बाजूचा डायग्नोस्टिक मॅमोग्राम, ७७०६६ म्हणजे दोन्ही बाजूंचा डायग्नोस्टिक आणि ७७०६७ म्हणजे स्क्रीनिंग. काही त्रास नसताना ठरावीक काळाने करतात ते स्क्रीनिंग; गाठ, त्रास किंवा आधीच्या फोटोत शंका असताना करतात ते डायग्नोस्टिक. यातली मेख शेवटच्या कोडात आहे. स्क्रीनिंगच्या व्याख्येतच दोन्ही स्तन आणि प्रत्येकाचे दोन फोटो गृहीत धरलेले आहेत. एका बाजूच्या स्क्रीनिंगला स्वतःचा कोडच नाही. म्हणून एका बाजूची तपासणी म्हटली की ती जवळपास नेहमीच डायग्नोस्टिक ठरते आणि ‘वर्षाचा मॅमोग्राम फुकट’ हा हिशेब तिथे आपोआप लागू होत नाही.

हे कोड २०१७ पासूनचे आहेत. त्याआधी एका बाजूसाठी ७७०५५ होता आणि कॉम्प्युटरने फोटो पडताळून पाहण्याचा खर्च वेगळ्या कोडाने लागायचा. नव्या कोडात तो आतच धरला आहे. मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांपुढच्यांच्या सरकारी आरोग्य विम्याने, २०१७ सालभर स्वतःचे जी-कोड चालू ठेवले आणि २०१८ पासून हेच आकडे घेतले. आज कुणाच्या बिलात कॉम्प्युटर पडताळणीची वेगळी ओळ दिसली, तर ती सरळ काढायला सांगायची. फोटो चार निघोत की नऊ, ७७०६५ एकदाच लागतो हेही ध्यानात असू द्या.

एकाच बाजूची पाळी कधी येते? सगळ्यांत जास्त वेळा स्क्रीनिंगनंतर परत बोलावलं म्हणून. रिपोर्टवर बायरॅड्स (मॅमोग्रामच्या निष्कर्षाची ठरावीक श्रेणी) ० असतं. त्याचा अर्थ ‘चित्र अपुरं आहे, आणखी फोटो हवेत’ एवढाच. बरेच जण हा शून्य पाहून घाबरतात, पण बोलावलेल्यांपैकी बहुतेकींना कॅन्सर नसतो. दुसरं कारण म्हणजे हाताला लागलेली गाठ, एका बाजूच्या स्तनाग्रातून आपोआप येणारा स्राव किंवा एकाच ठिकाणी राहणारं दुखणं. तिसरं बायरॅड्स ३, म्हणजे बहुधा निरुपद्रवी. कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, तरी सहा महिन्यांनी तेवढीच बाजू पुन्हा पाहायची. चौथं, बायॉप्सीसाठी जिथून तुकडा घेतला तिथे धातूची बारीक क्लिप ठेवल्यावर ती नेमकी कुठे बसली ते पाहण्यासाठी. पुरुषांच्या छातीत एका बाजूला गाठ आली तरी हाच कोड लागतो; गाठ असेल तर लाजून टाळू नये.

आता तपासणीची खोली. डायग्नोस्टिक अपॉइंटमेंट आणि स्क्रीनिंगची अपॉइंटमेंट यांत मोठा फरक असा की इथे फोटो काढताच रेडिओलॉजिस्ट ते पाहतो, तुम्ही कपडे बदलायच्या आधी. कमी पडलं तर आणखी फोटो, लागली तर त्याच दिवशी सोनोग्राफी आणि बहुतेक चांगल्या ठिकाणी निघण्यापूर्वी तोंडी निकाल. अमेरिकेतल्या या सेवेचं खरं बळ इथे आहे. त्यासाठी एक ते दीड तास मोकळा ठेवा. ज्या सेंटरमध्ये डायग्नोस्टिकच्या दिवशी रेडिओलॉजिस्ट जागेवर नसतो किंवा सोनोग्राफीसाठी वेगळी तारीख देतात, तिथला दर कमी असला तरी आम्ही ते सेंटर सुचवणार नाही. फोनवर एवढंच विचारा: ‘सोनोग्राफी लागली तर त्याच दिवशी कराल का?’

टेक्नॉलॉजिस्ट आधी नेहमीचे दोन फोटो घेते, एक वरून खाली आणि एक तिरका, काखेपर्यंतचा. मग ज्यासाठी बोलावलं असेल त्यानुसार पुढचं ठरतं. संशय गाठीचा किंवा एका बाजूला जास्त दिसणाऱ्या घट्ट भागाचा असेल, तर छोट्या चकतीने तेवढाच भाग दाबतात. एकावर एक आलेल्या पेशींमुळे नुसती सावली पडली असेल, तर ती या दाबाने पसरून नाहीशी होते. खरी गाठ मात्र तिथेच राहते आणि तिची कड जास्त स्पष्ट दिसते. संशय कॅल्शियमच्या कणांचा असेल, तर स्तन डिटेक्टरपासून वर उचलणारा स्टँड बसवतात आणि दीड ते दोन पट मोठा फोटो घेतात. इथे एक्सपोजर जरा लांबतं, म्हणून ‘श्वास रोखा’ म्हणतील तेव्हा खरोखर रोखायचा. किंचित हललं तरी बारीक कण पुसट होतात आणि फोटो पुन्हा काढावा लागतो. त्यानंतर सरळ आडवा, ९० अंशांचा फोटो असतो. बारीक पुटकुळ्यांमध्ये साचलेलं कॅल्शियम या फोटोत तळाशी बसलेलं दिसतं, चहा थोडाच उरलेल्या कपासारखं. ते दिसलं की निरुपद्रवी म्हणून विषय संपतो, बायॉप्सी वाचते.

हाताला गाठ लागत असेल, तर त्वचेवर नेमक्या त्या जागी धातूचा लहान मणी चिकटवतात. तो चिकटवताना गाठ तुम्ही स्वतः बोटाने दाखवा. ‘इथेच कुठेतरी’ म्हणू नका. मणी दोन सेंटिमीटर सरकला तर दाबाचा फोटो भलत्याच जागेचा निघतो.

डिओडरंट, टाल्कम पावडर, काखेतलं क्रीम त्या दिवशी नको. त्यांतले कण फोटोत कॅल्शियमसारखे दिसतात, आणि कॅल्शियमसाठीच परत बोलावलेलं असताना हा घोळ फार महागात पडतो. दाबाबद्दल भीती जास्त असते. मशिनचा स्वयंचलित दाब २५ ते ४५ पौंडांच्या मर्यादेत असावा असा नियम आहे, आणि तो शेवटी हाताने थोडाथोडा वाढवून बसवतात. सहन होत नसेल तर तसं सांगा, चांगली टेक्नॉलॉजिस्ट थांबते. पण दाब नकोच असा हट्ट धरू नये: स्तन जितका पातळ पसरेल तितका किरणांचा मारा कमी आणि चित्र स्वच्छ. प्रमाण जाडीच्या नमुन्यावर एका फोटोला ३ मिलिग्रेपेक्षा जास्त डोस देणारं मशिन नियमानुसार वापरताच येत नाही.

दोन वैद्यकीय गोष्टी इथेच सांगायला हव्यात. गाठ लागतेय आणि वय तिशीच्या आत आहे, तर आधी सोनोग्राफी. मॅमोग्राम लागला तर नंतर. चाळिशीपुढे आधी मॅमोग्राम. आणि हाताला गाठ लागत असताना मॅमोग्राम ‘नॉर्मल’ आला, तर तिथे थांबायचं नाही. घट्ट स्तनात, म्हणजे चरबी कमी आणि ग्रंथींचा भाग जास्त असलेल्या स्तनात, गाठ मॅमोग्रामला चकवू शकते, म्हणून त्या जागेची सोनोग्राफी झाल्याशिवाय फाइल बंद होऊ देऊ नका.

बिलाकडे वळू. ऑर्डरवर तीन गोष्टी असाव्या लागतात: तपासणी, बाजू आणि कारण. कारण निदानाच्या आयसीडी कोडात उतरतं. एन६३.२१ म्हणजे डाव्या स्तनाच्या चार भागांपैकी वर-बाहेरच्या भागात गाठ, एन६३.११ म्हणजे तीच उजवीकडे. एन६४.५२ स्तनाग्रातला स्राव, आर९२.० मॅमोग्रामवर दिसलेले सूक्ष्म कॅल्शियम कण, आर९२.८ मॅमोग्रामवरचं इतर काही असाधारण, आणि झेड१२.३१ नुसतं स्क्रीनिंग. ७७०६५ च्या मागे बाजूची खूण लागते, डावीला एलटी, उजवीला आरटी. निदान डाव्या गाठीचं आणि खूण आरटी, असा क्लेम कॉम्प्युटरच परत फेकतो. ईओबीवर (इन्शुरन्स कंपनी पाठवते त्या हिशेबाच्या कागदावर) ‘नाकारलं’ दिसलं की आधी ही जोडी जुळतेय का पाहा. डावं-उजवं उलटलं असेल तर एका फोनवर काम होतं. याच घरातली दुसरी चूक म्हणजे दोन्ही बाजू तपासल्या आणि बिलात ७७०६५ दोनदा लावला, एकदा एलटी, एकदा आरटी. ते चूक आहे. दोन्ही बाजूंना ७७०६६ एकदाच.

ऑर्डर कशी चुकते? तुम्ही गायनॅककडे वार्षिक तपासणीला गेलात, गाठीचा उल्लेख ओघात केलात, आणि तिथल्या सहायिकेने सवयीने स्क्रीनिंगची ऑर्डर टाकली. इमेजिंग सेंटरच्या काउंटरवर अर्जात ‘काही त्रास?’ला तुम्ही ‘गाठ’ लिहिलंत की स्क्रीनिंग तिथेच थांबतं. नवी ऑर्डर येईपर्यंत अपॉइंटमेंट गेली. अशा वेळी फुकट व्हावं म्हणून गाठ लपवू नका. स्क्रीनिंगमध्ये त्या जागेचा दाबाचा फोटो नाही, मणी नाही, सोनोग्राफी नाही. पैसे वाचतील, पण हवी ती तपासणी होणार नाही.

खर्चाचा नियम आता नीट वाचायला हवा, कारण तो बदलला आहे. जुने म्हणून या नियमातून सूट मिळालेले प्लॅन सोडले, तर बहुतेक प्लॅनांमध्ये चाळिशीपुढचं स्क्रीनिंग कोपे (दर भेटीला भरायची ठरावीक रक्कम) आणि डिडक्टिबल (इन्शुरन्स द्यायला लागण्याआधी वर्षात स्वतः भरायची रक्कम) यांशिवाय मिळत आलं आहे. परत बोलावल्यावरचा ७७०६५ मात्र डिडक्टिबलमध्ये जायचा, आणि जानेवारी-फेब्रुवारीत डिडक्टिबल कोरं असताना पूर्ण रक्कम अंगावर यायची. डिसेंबर २०२४ मध्ये स्त्रियांच्या प्रतिबंधात्मक सेवांच्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या गेल्या. २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या प्लॅन वर्षापासून, सरासरी धोका असलेल्या स्त्रीला स्क्रीनिंग पूर्ण करण्यासाठी आणखी मॅमोग्राम, सोनोग्राफी, एमआरआय किंवा पेशींची तपासणी लागली, तर तीही खिशातून काही न घालता मिळायची आहे. ‘प्लॅन वर्ष’ हा शब्द महत्त्वाचा: कंपनीचा प्लॅन जुलैत सुरू होत असेल, तर हा हक्कही जुलैपासून.

ही सूट स्क्रीनिंगच्या पुढच्या पायरीला आहे. गाठ हाताला लागली म्हणून थेट झालेला ७७०६५ त्यात बसत नाही, आणि सहा महिन्यांनी होणाऱ्या बायरॅड्स ३ च्या फेरीबद्दल इन्शुरन्स कंपनीशी वाद होऊ शकतो. म्हणून परत बोलावलेल्या तपासणीच्या ऑर्डरवर ‘स्क्रीनिंगनंतर’ हे शब्द आणि स्क्रीनिंगची तारीख असू द्या. बिलिंगला विचारा, प्रतिबंधात्मक सेवेची खूण असलेला ३३ हा मॉडिफायर तुमच्या कंपनीला लागतो का. काही राज्यांनी डायग्नोस्टिकही मोफत करणारे कायदे केले आहेत. पण मोठ्या कंपन्यांचे प्लॅन बहुधा स्वतःच्या निधीतून चालतात आणि त्यांना राज्याचा कायदा लागू होत नाही. आयटीतल्या मराठी कुटुंबांपैकी अनेक जण अशाच प्लॅनवर असतात. कार्ड कुठल्याही नामवंत इन्शुरन्स कंपनीचं असलं, तरी एचआरला ‘प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का’ हे विचारल्याशिवाय राज्याच्या कायद्यावर भिस्त ठेवू नका. मेडिकेअरवर असलेल्यांना वर्षातून एकदा स्क्रीनिंग मोफत. डायग्नोस्टिकला पार्ट बीचं (मेडिकेअरच्या डॉक्टर-तपासण्यांच्या भागाचं) डिडक्टिबल आणि वर २० टक्के.

थ्रीडी मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचे थराथराने घेतलेले फोटो, हा स्वतंत्र गुंता आहे. एका बाजूच्या डायग्नोस्टिक थ्रीडीला सीपीटीत ७७०६१ आहे, पण मेडिकेअर तो घेत नाही; तिथे ७७०६५ सोबत जी०२७९ लागतो. खासगी कंपन्यांपैकी काही एक मानतात, काही दुसरा. चुकीचा लागला तर मूळ तपासणी मंजूर आणि थ्रीडीची ओळ नामंजूर, असं अर्धवट बिल येतं. ते भरू नका, कोड बदलून क्लेम पुन्हा पाठवायला सांगा. सोनोग्राफीतही असंच बघावं: ७६६४२ म्हणजे मर्यादित, ७६६४१ म्हणजे स्तनाचे चारही भाग आणि स्तनाग्रामागची जागा मिळून पूर्ण. एका गाठीपुरती सोनोग्राफी झाली असेल तर पूर्णचा कोड लागता कामा नये. क्लिपनंतरच्या फोटोचा नियम आणखी बारीक आहे. बायॉप्सी सोनोग्राफी किंवा एमआरआयच्या मदतीने झाली असेल तर तो ७७०६५ वेगळा लावता येतो. मॅमोग्राफीच्या मदतीने झाली असेल तर तो फोटो बायॉप्सीतच धरलेला आहे.

एक स्तन काढलेल्या स्त्रियांचं बिल तर हमखास बिघडतं. उरलेल्या स्तनाचं वार्षिक स्क्रीनिंग योग्य रीतीने ७७०६७ लावून, मागे ५२ म्हणजे ‘कमी केलेली सेवा’ ही खूण जोडून जातं, निदान झेड१२.३१, सोबत उजवा काढला असेल तर झेड९०.११, डावा असेल तर झेड९०.१२. काउंटरवर मात्र ‘एकच बाजू ना, मग ७७०६५’ असा सरधोपट विचार होतो आणि मोफत सेवेचे पैसे लागतात. कॅन्सरचा इतिहास आहे म्हणून डॉक्टरने मुद्दाम डायग्नोस्टिकच मागितलं असेल, तर ते बरोबर आहे, त्यावर भांडू नये. पण कुणी ठरवलं, डॉक्टरने की कोडरने, हे विचारायचा हक्क तुमचा आहे.

जागा निवडताना: हॉस्पिटलच्या विभागात बहुधा दोन बिलं येतात, एक यंत्र-जागेचं, दुसरं २६ ही खूण असलेलं रेडिओलॉजिस्टचं. स्वतंत्र इमेजिंग सेंटरमध्ये बरेचदा एकच, आणि एकूण आकडा सहसा कमी. पण एक गोष्ट उलटी आहे. नेटवर्कमधल्या, म्हणजे तुमच्या इन्शुरन्स कंपनीशी करार असलेल्या, हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट नेटवर्कबाहेरचा निघाला, तर २०२२ पासूनचा कायदा जादा बिलापासून वाचवतो. स्वतंत्र सेंटरला ते संरक्षण लागू नाही. तिथे सेंटर आणि वाचणारा डॉक्टर, दोघांचंही नेटवर्क विचारून घ्या. क्लेम नाकारला गेला तर प्लॅनकडे अपील करायला नोटीस मिळाल्यापासून १८० दिवस असतात.

इन्शुरन्स नसेल तर अपॉइंटमेंट ठरवतानाच लेखी अंदाज मागा. कोड, बाजू, थ्रीडी आणि डॉक्टरची फी, चारही त्यात हव्यात. अंतिम बिल अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त फुगलं, तर १२० दिवसांत तक्रार करता येते. ४० ते ६४ वयाच्या, कमी उत्पन्नाच्या आणि इन्शुरन्स नसलेल्या स्त्रियांसाठी केंद्र सरकारच्या पैशांवर चालणारा स्तन व गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा कार्यक्रम राज्याराज्यांत आहे. त्यात डायग्नोस्टिकही येतं.

भारतातून आलेल्या आई-सासूबाईंच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये स्क्रीनिंग सहसा नसतंच आणि जुना आजार वगळलेला असतो. इथे आल्यावर नवी गाठ लागली, तर ‘परत गेल्यावर पुण्याला दाखवू’ म्हणून चार महिने काढू नयेत. स्वतंत्र सेंटरचा रोख दर विचारून ७७०६५ आणि सोनोग्राफी करून घ्यावी. बायॉप्सीची वेळ आली तर ती कुठे करायची हे मग ठरवता येतं.

आणि त्यांनी येताना जुने फोटो आणावेत. मुंबई-पुण्यात सोनोमॅमोग्राफीचा रिपोर्ट आणि फिल्म पेशंटच्या हातात देतात, पण इथल्या रेडिओलॉजिस्टला तुलनेसाठी डायकॉम या वैद्यकीय फोटोंच्या डिजिटल स्वरूपातले मूळ फोटो हवे असतात. दोन वर्षांपूर्वीही हीच सावली होती असं दिसलं, तर पुढची निम्मी धावपळ टळते. ते सीडीवर घ्या. बरीच हॉस्पिटलं पेनड्राइव्ह मशिनला लावू देत नाहीत. उलट दिशेनेही तसंच: इथून परत जाताना मागणी केल्यापासून १५ दिवसांत फोटो पाठवणं सेंटरला बंधनकारक आहे आणि फी प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त घेता येत नाही. मागणी लेखी करा आणि त्यात मॅमोग्रामसोबत सोनोग्राफीचेही फोटो हवेत असं स्पष्ट लिहा, कारण ते बहुधा वेगळ्या फाइलमध्ये असतात आणि सीडीवर घालायचे राहून जातात.